काचेमागचं ऊन

"व्हिटॅमिन डी नऊ," डॉक्टर देवयानी मॅडम रिपोर्ट बघत म्हणाल्या. "तीसच्या वर पाहिजे. काका, तुम्हाला ऊन कमी पडतंय."

झालं! आमचे हे उसळलेच. "मना? मना ऊन कमी? अहो मॅडम, चाळीस वर्षं मिठागरात काढली मी, उघड्या अंगानं. तुमची मशीन बिघडलीय."

मला हसू आवरेना. मी लक्ष्मी, कोलशेतची. आमचे हे पंढरी, वय चौर्‍याहत्तर, हट्ट मात्र चार वर्षांच्या पोराचा. खाडीकडची आमची भाताची जमीन बिल्डरला दिली, तिच्यावर टॉवर उभे राहिले आणि त्यातल्याच एकात एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही आलो. तिथे येऊन वर्ष झालं नाही तोच ह्यांचे पाय थरथरायला लागले. खुर्चीतून उठायचं तर माझा हात लागायचा. आणि चैत्रात गावदेवीची पालखी! पालखीला पहिला खांदा आमच्या घरचा. ह्यांच्या आजोबांपासूनचा मान आहे तो.

चुलत दीर विश्राम दिवाळीच्या फराळालाच येऊन बोलून गेलेला, "वहिनी, यंदा दादाला खुर्चीत बसवा. खांदा मी देतो." चकली खाता खाता बोलला मेला. हे त्या रात्रभर कूस बदलत होते. म्हणून तर मी डॉक्टरकडे नेलेलं.

मॅडमनी आठवड्याला एक अशी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, अकराच्या सुमाराला अर्धा तास उन्हात बसा. मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे जेवणात काय कमी आहे? जवळा असतो, सुकट असते, काट्यासकट मांदेली असते." त्या म्हणाल्या, "त्यातून कॅल्शियम छान मिळतं काकू. पण डी नसेल तर ते पोटातून अंगात जातच नाही. नुसतं खाऊन काय उपयोग?"

ह्यांनी गोळ्यांना हात लावला नाही. "ऊन फुकट असताना औषध कशाला?" दुसर्‍या दिवसापासून बनियन काढून बाल्कनीत खुर्ची टाकली. रोज अकरा ते बारा. घाम यायचा, तोंड लालबुंद व्हायचं. मुलगा धनेश फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकायचा, खाली विश्रामचा अंगठा यायचा. दोन महिने एक दिवस चुकवला नाही हो माणसानं.

दोन महिन्यांनी परत रक्त दिलं. आकडा आला आठ.

ह्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "म्हणजे देवीची मर्जी नाही," एवढंच म्हणाले.

मॅडमनाही कळेना. मग त्यांनी विचारलं, "काका, बसता कुठे?"

"बाल्कनीत."

"उघडी आहे ना?"

मी कपाळावर हात मारला. धूळ येते म्हणून धनेशनं पहिल्याच महिन्यात बाल्कनीला काचा लावून घेतलेल्या! त्या बंद काचांच्या आत माझा नवरा दोन महिने नुसता शिजत होता. मॅडम म्हणाल्या, "काचेतून ऊब येते काका. पण उन्हातलं जे डी बनवतं, ते काच बाहेरच अडवते."

"बघा!" हे म्हणाले. "आता ऊनपण बिल्डरचंच झालं."

मॅडम हसल्या. मला मात्र राग आला. रिक्षात बसल्या बसल्या मी तोंड सोडलं. "खाली एवढी मोठी बाग आहे, बाकडी आहेत. सगळे म्हातारे तिथे बसतात. तुम्हालाच काय झालेलं खाली जायला?"

हे बाहेर बघत म्हणाले, "गेलेलो एकदा. वॉचमननं अडवलं. म्हणाला, किसके यहाँ आये हो? आपल्याच शेतात उभा होतो गं मी. लुंगीवर होतो, त्याला वाटलं असेल कोणीतरी माळी. तसाच मागं फिरलो मी."

वर्ष व्हायला आलं आणि हा माणूस एकटाच ते गिळून बसलेला.

दुसर्‍या दिवशी पहिली गोळी मी उभी राहून गिळायला लावली. अकरा वाजता ह्यांना लुंगीवरच खाली नेलं. दंडाला धरून, गेटसमोरून, मुद्दाम. बागेत मधल्या बाकड्यावर बसवलं आणि मीपण शेजारी बसले. म्हटलं, "बसा. भात कुठपर्यंत होता ते दाखवा मला." दाखवायला लागले ते थांबेचनात. इथे बांध, तिथे चिंच, त्या झोपाळ्याच्या जागी उंदीर फार. चार दिवसांत बाकीचे म्हातारे जवळ सरकून ऐकायला लागले. अर्ध्या तासाचा एक तास व्हायला लागला, मग मीच ह्यांच्या डोक्यावर टोपी घालून वर आणायची.

मार्चात आकडा चौतीस झाला. पण आकड्याचं काय घेऊन बसलात, पालखी आकड्यावर उठत नाही. चैत्रातल्या त्या सकाळी देवळासमोर पालखी आली तेव्हा विश्राम आधीच पुढे येऊन कमरेला शेला बांधून उभा. हे बाजूला खुर्चीत बसलेले, मी हात द्यायला पुढे झाले. ह्यांनी माझा हात बाजूला केला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकले, उठले आणि सरळ जाऊन दांड्याखाली खांदा घातला.

किती पावलं चालले त्यावरून घरात अजून वाद आहे. विश्राम म्हणतो दहा, धनेश म्हणतो पंचवीस. मला विचारू नका. मला रडू आवरत नव्हतं, मला काही दिसलंच नाही.