मंजुळाबाईची फिर्याद

धाकटा हितेंद्र एड्सने गेला आणि मंजुळाबाईने तेराव्याच्या आतच सुनेवर फिर्याद ठोकली. म्हणे, दीपमालाने फैजपूरच्या माहेराहून रोग आणला आणि जाणूनबुजून नवऱ्याला दिला. दीपमालाच्या रक्तातही रोग निघाला होताच. मग काय, म्हातारीला मोकळं रान! पिंपळनेरजवळच्या त्या गावात कुणीही भेटो, तिचं एकच, "मना पोरले खादं या अवदसानी!" हिला तुरुंगात धाडल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही, असं ती चारचौघांत सांगायची.

थोरला नवल मात्र तिच्या डोक्यावरचा तुरा. पूर्वी धुळ्यात कंपाउंडर होता, आता गावचा डॉक्टर. ताप असो, कंबर असो, आईचे गुडघे असोत, लगेच सुई टोचणार. बठ्ठं गाव, लहानथोर सगळं, त्याला देव मानायचं.

हितेंद्रचं इस्पितळात ठेवलेलं रक्त आणि दीपमालाचं रक्त पोलिसांनी प्रयोगशाळेत पाठवलं. तिथून उत्तर आलं की दोघांवरून काही ठरत नाही, त्याच भागातलं आणखी रक्त तुलनेला हवं. गावात तपासणीचं शिबिर लागलं. सगळ्यात आधी बाही वर केली ती मंजुळाबाईने. "घ्या! आमनं घर कसं शे ते देखा!"

निकाल आला तो तिच्याही रक्तात रोग. आणखी सात-आठ जणांच्याही. तरी बाई हटते कुठली! हिच्याच हातचं खाल्लं म्हणून झालं, असं म्हणत तिने सुनेच्या नावाने पुन्हा बोटं मोडली. खाण्यापिण्यातून हा लागत नाही, हे शिबिरातल्या डॉक्टरांनी घसा सुकेपर्यंत सांगितलं. ऐकतंय कोण!

मग धुळ्याच्या पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. नवल तिला घेऊन गेला आणि बाहेर बाकावर बसला.

"आक्का," फौजदारबाई म्हणाल्या, "हा विषाणू प्रत्येकाच्या अंगात थोडा थोडा बदलतो. त्यावरून कुणाचा कुणाशी जवळचा ते कळतं. तुम्हा सगळ्यांचा एकाच कुळातला निघालाय. पण कुणी कुणाला दिला, ते यातून ठरत नाही. एकच सुई साऱ्यांना टोचली तरी असा पसरतो. तुम्हाला सुई कोण टोचतं? गावात एकही जण तोंड उघडत नाही."

मंजुळाबाईने दाराकडे पाहिलं. नाव घ्यावं तर उरलेला एकुलता पोरगा आत जाणार. न घ्यावं तर खटला सुनेवरच राहणार. राहू दे की!

"सुई? कोणीच नही."

"आत्याबाई," कोपऱ्यात बसवून ठेवलेली दीपमाला म्हणाली, "मी आरोपी, माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही तरी खरं बोला."

"तू चूप बैस!" म्हातारी अंगावर धावली आणि तशीच लंगडत बाहेर पडली.

नवल उठून पुढे आला. "आई, लंगडतेस किती! घरी पोचलो की टोचून देतो एक," म्हणत त्याने तिचा दंड धरला.

मंजुळाबाई किंचाळली. "मले हात लावू नको! तुनी सुई नको मले!"

सगळं ठाणं वळून बघायला लागलं. नवलने तिचा दंड सोडला. दारात फौजदारबाई उभ्या होत्या, त्यांच्या मागे दीपमाला.

"ऐकलंत ना, बाई?" दीपमाला म्हणाली. "आता लिहून घ्या."