चौतीस हजारांची थंडी

वरच्या मजल्यावरच्या शिवणबाईंचं पत्र आलं तेव्हा इमारतीचा बॉयलर नुकताच सुरू झाला होता. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं ते बरोबर आहे का, एवढंच ठरत नव्हतं.

बाईंनी लिहिलं होतं: "तुमचा पुस्तकांशी संबंध, म्हणून विचारते. मीटरप्रमाणे इमारतीत सर्वांत जास्त ऊब माझ्याकडे येते. तरी सुईत दोरा ओवताना बोटं वळत नाहीत. मुलगी म्हणते, आई, हे वय आहे, घर विकून माझ्याकडे ये. मला जायचं नाही. पण खोट माझ्या अंगातच असेल तर हट्ट करण्यात अर्थ नाही. तुम्ही सांगाल ते खरं मानीन."

शेवटच्या वाक्यानं मला घाम फुटला. माझं म्हणणं खरं मानणारं माणूस मला सवयीचं नाही. घरात माझी थोरली बहीण आहे, अक्का. मी "आज सोमवार" म्हटलं तरी ती कॅलेंडर बघते.

मीटरची हकिगत अशी. तळघरातला बॉयलर पाणी तापवतो, ते नळ्यांतून प्रत्येक घरातल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि गार होऊन परत येतं. कुणाला किती उष्णता मिळते यावरून दर हिवाळ्यात भांडणं होत. म्हणून समितीनं मीटर बसवायचं ठरवलं आणि तीन दुकानदारांकडून दर मागवले. तिन्ही दुकानदार समितीतल्या कुणाचे ना कुणाचे पाहुणे निघाले. कुणाला दुखवायचं नाही म्हणून तिघांकडूनही मीटर घेतले, एकेका मजल्याला एकेकाचे.

त्यामुळे तळमजल्यावरचा मीटर विजेच्या बिलातल्या युनिटांत मोजू लागला, आमच्या मधल्या मजल्यावरचा किलोकॅलरींत आणि वरचा बीटीयूत. रोजचा आकडा अध्यक्षांकडे चाळीस, माझ्याकडे वीस हजार आणि शिवणबाईंकडे चौतीस हजार.

अध्यक्षांचं घर बॉयलरच्या बरोबर डोक्यावर. तिथे समितीची बैठक भरते तेव्हा खिडक्या सताड उघड्या असतात आणि अध्यक्ष बनियनवर बसून काटकसरीवर बोलतात.

"चाळीस! फक्त चाळीस!" ते छातीवरचा घाम पुसत म्हणाले. "आणि वर चौतीस हजार. अहो, काही लाज?"

"साहेबांचा त्यागच मोठा," सचिव म्हणाले. त्यांनी अध्यक्षांना पुष्पगुच्छ दिला. बैठक संपायच्या आत फुलांनी त्या उकाड्यात माना टाकल्या.

मी कोपऱ्यात हात वर केला. बराच वेळ तो कुणाला दिसला नाही. दिसला तेव्हा मी म्हणालो, "मला वाटतं, म्हणजे चूक असेल कदाचित, पण हे आकडे एका जातीचे नाहीत. तुमच्या एका युनिटात सुमारे चौतीसशे बीटीयू मावतात."

"सुमारे?" सचिवांनी वही वर केली. "इतिवृत्तात सुमारे लिहिता येत नाही. नक्की किती?"

इथे मी गडबडलो. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला लागते ती उष्णता म्हणजे एक बीटीयू. पण ते पाणी आधी किती गार होतं यावर आकडा किंचित बदलतो, आणि म्हणून बीटीयूच्या व्याख्याही एकाहून जास्त आहेत. हे मी सांगायला गेलो. अध्यक्षांनी जांभई दिली. मग अभ्यासासाठी एकसदस्यीय उपसमिती नेमण्यात आली. तो सदस्य मी. अभ्यास होईपर्यंत खबरदारी म्हणून वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या नळीची चावी अर्धी बंद करण्यात आली.

घरी आल्यावर अक्कानं विचारलं, "झालं का बोलून?"

"उपसमिती नेमलीय."

"त्यात कोण कोण?"

"मी."

"म्हणजे बाईंना आता शेकोटीच पेटवावी लागणार."

मी अहवाल लिहायला बसलो. पहिल्याच पानावर हिशोब स्वच्छ होता. माझे वीस हजार म्हणजे अध्यक्षांचे तेवीस. बाईंचे चौतीस हजार म्हणजे जेमतेम दहा, आणि तेही चावी अर्धी होण्याआधीचे. पण हे दहा नेमके दहा, की किंचित कमी? कोणती व्याख्या घ्यावी? दुकानदारानं कोणती घेतली असेल? मी त्याला विचारायला गेलो तर तो म्हणाला, "काका, आकडा मोठा दिसतो की नाही? मग!" पानं वाढत गेली. जिन्यात बाई भेटल्या की मी खाली मान घालून बाजूला व्हायचो. त्यांनी हातमोजे घालायला सुरुवात केली होती, बोटांची टोकं कापलेले. त्या काही विचारत नसत. "जपून उतरा," एवढंच म्हणत.

पुढच्या बैठकीत अहवाल सादर झाला. अध्यक्षांनी तो हातात तोलून पाहिला. "अभ्यासपूर्ण," ते म्हणाले. "आता थोडक्यात सांगा."

"एकक वेगळं आहे," मी म्हणालो. "सगळीकडे एकच हवं."

"एवढंच ना?" अध्यक्ष खूश झाले. "सचिव, लगेच करून टाका."

मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सचिव काळ्या रंगाची डबी आणि ब्रश घेऊन मजल्या-मजल्यावर फिरले आणि प्रत्येक मीटरवर आकड्याच्या पुढे छापलेली अक्षरं त्यांनी रंगवून टाकली.

"घ्या," ते मला म्हणाले. "आता कुणाचं एकक वेगळं नाही. तुमच्या अहवालाइतकी झटपट अंमलबजावणी याआधी कुणाच्याच अहवालाची झाली नव्हती."

"पण त्यानं काही—"

"आभार मानू नका हो, कामच आहे आमचं."

त्यानंतर घरांचा दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. दार उघडं होतं म्हणून जिन्यातलं सगळं मला ऐकू येत होतं. "वरचं घर घ्या, साहेब. इमारतीत सर्वांत उबदार. बघा मीटर, अर्ध्या चावीवर सतरा हजार!" गिऱ्हाईक नवरा-बायको वर गेले आणि थोड्या वेळानं खाली आले. बायको नवऱ्याला म्हणत होती, "मला तर हुडहुडीच भरली." नवरा म्हणाला, "तुला सवय नाही गं एवढ्या उबेची." मागून दलाल म्हणत होता, "बाई या आठवड्यात सही करतायत."

अक्का माझ्या दारात येऊन उभी राहिली. या वेळी तिनं टोमणा मारला नाही. "बाळ," ती म्हणाली, सत्तरीतही मी तिचा बाळच, "ती बाई सही करतेय ती तुझ्या गप्प बसण्यावर. तिला वाटतंय, तुला खरं बोलायला संकोच वाटतोय."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ बाईंनी लावला होता. त्या अर्थात मात्र कुठे सुमारे नव्हतं.

मी कागद घेतला.

"बाई, तुमच्या अंगात काही खोट नाही. थंडी खरी आहे. एक बीटीयू म्हणजे एक आगकाडी पूर्ण जळून मिळते जवळपास तेवढी ऊब. तुमचा मीटर काड्या मोजतो. अध्यक्षांचा मीटर चौतीसशे काड्यांचा एकेक ढीग मोजतो, म्हणून त्यांचा आकडा छोटा. सुरुवातीला तुम्हाला दहा ढीग मिळत होते आणि त्यांना चाळीस. आता तुम्हाला पाच. घर विकू नका. तुमची चावी मी उद्या सकाळी स्वतः पूर्ण उघडणार आहे. समितीला जे वाटायचं ते वाटो."

शेवटचं वाक्य खोडायला पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"एक जिना चढून हातात दे की," अक्का म्हणाली.

"दारात उभा राहिलो की मी 'तरी पण' म्हणेन."

हे तिला पटलं. तिनं तिकीट काढून दिलं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली, बहुधा मी परत फिरू नये म्हणून. पाकीट फटीतून आत सोडलं. मग मी हात आत घालून पाहिला. बोटं पाकिटापर्यंत पोचत नव्हती.