डावीकडे आठ, उजवीकडे सहा

तिने लाल पेनने नकाशातल्या दोन भोकांवर फुल्या मारल्या, पेनला टोपण लावलं आणि मग पुन्हा एकदा भोकं मोजली. डावीकडच्या प्लेटला आठ. उजवीकडच्या प्लेटला सहा.

मधे लोखंडी खांब आणि त्याच्या दोन्ही अंगांना येऊन भिडणाऱ्या दोन तुळया. लांबी सारखी, वजन सारखं, छपराचा भारही सारखाच. जुळ्या बहिणीच जणू. मग एकीला आठ बोल्ट आणि दुसरीला सहा, हे कुठलं गणित?

गणित तिने सकाळपासून तीनदा केलं होतं. एकदा कॉम्प्युटरवर, एकदा बांधकामाच्या नियमांचं, कोडचं पुस्तक उघडून हाताने, आणि एकदा बाबांच्या पद्धतीने, म्हणजे जुन्या पाकिटाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने. तिन्ही वेळा सहाच आले. बाबांच्या स्वतःच्या कागदांतही सहाच होते, खाली दोन रेघा ओढून, चौकटीत. तेच सहा नकाशावर उतरताना एका बाजूला आठ झाले होते, आणि त्याखाली बाबांची सही होती. तारीख ते गेले त्याच्या चार महिने आधीची.

त्या दिवसांत ते दुधाचं पातेलं पुस्तकांच्या कपाटात ठेवत होते.

प्रश्न दोन बोल्टांचा असता तर तिने तो केव्हाच सोडून दिला असता. जास्तीच्या बोल्टाने कुणाचं छप्पर कोसळत नाही. पण हे हातून निसटलं असेल, तर त्या महिन्यांत आणखी काय काय निसटलं? मागच्या मांडणीवर त्याच काळातले, त्याच सहीचे अठरा नकाशे गुंडाळून ठेवले होते. त्यांतल्या काहींची केव्हाच छपरं झाली होती, आणि त्यांच्याखाली माणसं वावरत होती.

आई दारात येऊन उभी राहिली. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली.

"चहा गार करायला ठेवला नव्हता मी."

"आई, बाबा शेवटी शेवटी काम करताना गोंधळायचे का गं?"

आईने भरलेला कप उचलला. उत्तर द्यायच्या आधी तिने टेबलावरचा ओला गोल डाग पदराने पुसला.

"माझ्याशी बोलताना गोंधळायचे. कागदापाशी बसले की नाही. निदान मला तसं वाटायचं. पण मला मेलीला तुमच्या कागदांतलं काय कळतंय?"

फुल्या मारलेल्या नकाशाचा फोटो तिने वर्कशॉपला पाठवला. दहा मिनिटांत फोरमनचा फोन आला. सगळे त्यांना मामा म्हणत, तीही म्हणायची.

"ताई, फुल्या मिळाल्या. पण ड्रिल लावायच्या आधी येऊन जाता का?"

"काही अडलंय का?"

"अडलं नाही. पण साहेबांनी काढलेली भोकं कमी करायची म्हटलं की हात जरा मागे येतो."

वर्कशॉपमध्ये दोन्ही तुळया टेकूच्या लोखंडी घोड्यांवर आडव्या टाकल्या होत्या. मामांनी पत्र्याची एक पट्टी उचलली आणि तिच्या हातात उभी दिली.

"हा खांब. नीट धरा." त्यांनी डावा तळवा पट्टीला टेकवला. "ही पहिली तुळई. क्रेनने वर आणली, सहा बोल्ट लावले, क्रेन मोकळी झाली. बरोबर?"

"बरोबर."

"आता ही दुसरी." उजवा तळवा पलीकडून आला. "भोकं तीच, बोल्टही तेच, आरपार जाणारे. मग हिला बसवायची तर आधी काय करायचं?"

"नट काढायचे," ती म्हणाली.

"आणि सहाच्या सहा नट काढले की ही कशावर?"

त्यांनी डावा तळवा किंचित खाली घसरू दिला. "आणि हिच्यावर पाय सोडून बसलेला आमचा माणूस कशावर?"

तिच्या गणितात इमारत नेहमी उभीच असायची, पुरी, छपरासकट. ती उभी राहत असतानाचा अर्धा तास तिच्या एकाही कागदात नव्हता.

"हे खालचे दोन एकट्या डावीचे," मामा म्हणाले. "उजवीची प्लेट आखूड आहे बघा, तिथवर पोचतच नाही. सहा काढले तरी हे दोन जागचे हलत नाहीत."

"तुम्ही सुचवलंत त्यांना?"

"मी कसला सुचवतोय. आम्ही इतकी वर्षं दोर बांधून भागवतोय. साहेबच आले होते. ह्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, दुसरी येईपर्यंत पहिलीला कोण धरतं? मी सांगितलं. चहा झाला, पुन्हा तेच, दुसरी येईपर्यंत पहिलीला कोण धरतं? गेटपर्यंत जाऊन परत आले आणि तिसऱ्यांदा. मी म्हटलं, साहेब, पाठ करून घेताय काय माझ्याकडून?"

"हसले?"

"नाही हो." मामांनी पट्टी तिच्या हातातून काढून घेतली. "माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी पहिल्यांदाच भेटतोय."

परतीच्या वाटेवर ती तेच उलटसुलट करत राहिली. तीनदा विचारलं ते प्रश्न सुटत नव्हता म्हणून, की विचारल्याचं आठवत नव्हतं म्हणून? कोडच्या पुस्तकात याला कलम नव्हतं.

बाबांच्या ऑफिसात खोडरबर चालत नसे. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. नकाशाच्या कोपऱ्यातल्या तक्त्यात तिने सकाळी लिहिलं होतं: दोन भोकं रद्द. त्यावर तिने रेघ ओढली. खालच्या ओळीत लिहिलं: दोन भोकं कायम. कारणाच्या रकान्यात पेन बराच वेळ थांबलं. मग तिने लिहिलं: दुसरी तुळई येईपर्यंत.

"सापडली चूक?" आईने आतून विचारलं.

"सापडली."

"कुणाची?"

तिने लाल पेन खणात टाकलं आणि मांडणीवरच्या अठरांतला पहिला नकाशा उतरवून टेबलावर उलगडला. इतके दिवस गुंडाळलेला कागद, हात काढला की परत वळत होता. एक टोक दाबलं की दुसरं उठायचं.

"आई, जरा येतेस?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळायला नको. हे टोक धर नुसतं."

आई आली. हात पुसून तिने बाबांच्या खुर्चीच्या बाजूचं टोक दोन्ही तळव्यांनी धरलं, आणि लेक पहिल्या प्लेटची भोकं मोजू लागली.