चुलीची लदेणी

घाटंजीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका टेकाडाच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा लहानसा तांडा होता. कापसाच्या दिवसांत त्या रस्त्यानं गाड्यांमागून गाड्या जात. गाड्यांतून निसटलेला कापूस दुतर्फा बाभळींच्या काट्यांना अडकून राही आणि सकाळच्या धुक्यात सगळा रस्ताच मऊ, पांढरा दिसे. गाडीवान अर्धवट झोपेत असत. बैल मात्र तांड्यापाशी आले की आपणहून थांबत.

कारण तिथं जमनीची चूल होती. अंगणात मोहाच्या झाडाखाली मांडलेले तीन काळे दगड, एवढीच ती चूल. तिच्यावर जमनी ज्वारीच्या बाट्या थापी. आपण भाकर म्हणतो, तिला तांड्यात बाटी म्हणतात. सोबत आंबाडीची भाजी आणि तव्यावर रगडलेला ठेचा. गाडीवान झाडाला टेकून जेवत, दोन पैसे ठेवत आणि पुन्हा धुक्यात शिरत. जमनीचं घर त्यावर चालत असे.

त्या चुलीतला विस्तव कधी विझला नव्हता. रोज निजताना तो राखेखाली झाकायचा, पहाटे फुंकून जागा करायचा. जमनीचा सासरा नेमसिंग सांगे, की हा विस्तव त्याच्या आईनं लदेणीतून आणलेला आहे. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखामुलुखांतून जाणारा काफिला. रेल्वे आली, मोटारी आल्या आणि लदेण्या थांबल्या. लोकांनी जमिनी धरल्या. नेमसिंग तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. आता त्याला सकाळी काय जेवलो ते आठवत नसे, पण लदेणीचा प्रत्येक मुक्काम आठवे.

ही गोष्ट एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमाराची. आदल्या वर्षी यवतमाळहून अन्नखात्याचे इन्स्पेक्टर आले होते. नाव नीळकंठराव. माणूस सौम्य, पण कायद्याचा पक्का.

"बाई, घरी शिजवून विकायचं तर आता परवाना लागतो," ते म्हणाले होते. "उघड्यावरची चूल चालणार नाही. चार भिंती पाहिजेत, खिडकी पाहिजे, धूर बाहेर जायला वाट पाहिजे."

"सायेब, इथं तं साऱ्या आभायाची वाट हाय धुराले," जमनी पदराआडून म्हणाली होती.

नीळकंठरावांना हसू आलं होतं. "आभाळ कायद्यात बसत नाही. खोली बांधा. संक्रांतीनंतर मी येतो, पाहून सही करतो. पण त्यानंतर बिनपरवान्याचं विकलं, तर मला खटला भरावा लागेल. मग नाराज नका होऊ."

जमनीच्या नवऱ्यानं, धनसिंगनं, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खोली बांधली. मातीच्या भिंती, चुन्याचा हात, खिडकीला जाळी, वर धुरासाठी मातीचं नळकांडं. संक्रांत झाली. खोलीत फक्त चूल यायची राहिली.

"उचलू काय दगड?" धनसिंग म्हणाला. "इथून तिथं तं न्यायचे हाय."

"हात नको लावू!" नेमसिंग खाटेवरून ओरडला. "हा विस्तव चालत आला. उचलून फेकायले तो काय कचरा हाय? जाईन तं तो लदेणीनंच जाईन."

"बा, अंगण ओलांडायले लदेणी?"

"मंग काय झालं? वाट लहान असली म्हणून मुक्काम चुकवायचे असतात काय?"

धनसिंगनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं लेकीकडे, म्हणजे गंगीकडे पाहिलं. तांड्यातली सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. जमनीला सासऱ्याला काही सांगायचं असलं, की ती गंगीला सांगे. सासरा शेजारीच बसलेला असे, त्याला सगळं ऐकू येई, तरी गंगीनं सांगितल्याशिवाय तो ऐकलं असं दाखवत नसे.

"गंगे, आज्याले सांग, जसं तुमचं मन," जमनी म्हणाली.

अशी ती लदेणी निघाली. पाखऱ्या नावाच्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर जुनी गोणी घातली. तिच्या एका बाजूला दोन दगड, दुसऱ्या बाजूला एक दगड आणि तवा-काठवट. विस्तव राखेसकट मडक्यात घालून जमनीनं डोक्यावर घेतला. नेमसिंग काठी टेकत पुढं झाला. अंगण सरळ ओलांडायचं नव्हतं. तांड्याला पूर्ण वळसा घालून, तीन मुक्काम करून खोलीत शिरायचं होतं. तांड्यातली पोरंबाळं मागून निघाली.

धुकं अजून उठलं नव्हतं. पाखऱ्याच्या गळ्यातली घंटा हळूहळू वाजत होती, आणि ती ऐकताना मोठ्या माणसांनाही वाटू लागलं, की मागे आणखी शंभर बैल येताहेत, फक्त धुक्यामुळं दिसत नाहीत.

पहिला मुक्काम कडुनिंबाखाली झाला.

"आजा, हे कोणतं गाव?" गंगीनं विचारलं.

"हे वर्धा नदीकाठचं. रेती पाह्य, कशी मऊ हाय."

गंगीनं पाय घासून पाहिला. रेती खरंच मऊ लागली.

दुसरा मुक्काम उकिरड्यामागच्या उंचवट्यावर झाला. तो माहूरचा डोंगर होता. तिथं बैलाला पाणी पाजायचं, विस्तवाला दोन काटक्या घालायच्या आणि ऊन वर येईपर्यंत बसायचं. नेमसिंग तिथं बसून दूरवर पाहू लागला. धुकं विरून खाली कापसाची शेतं दिसू लागली होती, पण त्याला काय दिसत होतं कोण जाणे.

एवढ्यात नीळकंठराव आले. एसटीतून उतरून, पायजम्याला लागलेली कुसळं काढत ते अंगणात गेले. खोली पाहिली. भिंती पाहिल्या, जाळी बोटानं हलवून पाहिली. मग मोहाखालची मोकळी, काळी जागा पाहिली.

"चूल कुठं आहे?"

"वाटेवर हाय, सायेब," धनसिंग खाली मान घालून म्हणाला.

"कोणत्या वाटेवर?"

धनसिंगनं उंचवट्याकडे बोट दाखवलं. नीळकंठराव त्याच्याबरोबर उकिरड्याला वळसा घालून वर आले. त्यांनी बैल, गोणी, मडकं आणि गोल बसलेली पोरं पाहिली.

"बाई, खोली झकास झाली. पण धूर त्या नळकांड्यातून बाहेर जातो की नाही, ते पाहिल्याशिवाय मी सही कशी करू? चूल पेटवा चटकन. मला बाराची गाडी गाठायची आहे."

"आणखी एक मुक्काम हाय," धनसिंग म्हणाला. "पैनगंगेचा. तिथं पाणी उतरायची वाट पाहा लागते."

"पैनगंगा? ती इथं कुठून आली?"

"ते पाहा, तिकडं," गंगीनं खालचा कोरडा नाला दाखवला.

"किती वेळ वाट पाहायची?"

"आजा म्हणते, कधी कधी दोन-दोन दिवस पाणी उतरत नाही."

नीळकंठरावांनी टोपी काढून घाम पुसला. "हे पाहा, मी आज परत गेलो, तर पुन्हा इकडं यायला चैत्र उजाडेल. तोवर तुमचा कापसाचा हंगाम सरेल. सांगा ना सासऱ्यांना, चला म्हणून! ते तर इथंच बसलेत!"

जमनीनं सासऱ्याकडे पाहिलं. नेमसिंगची पाठ तिच्याकडे होती. मान थोडी वर होती, लहान मुलाची असावी तशी. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं तो सूर्याकडे तोंड करून, डोळे मिटून खाटेवर पडलेला असे.

गंगी आईच्या तोंडाकडे बघत होती, आईनं काही सांगावं आणि आपण आज्याला पोचवावं म्हणून.

जमनी गंगीशी बोलली नाही. "सायेब, तुमी जा," ती म्हणाली. "गाडी चुकन तुमची. या वर्षी नाही विकत मी. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचीन. पण बा चालून राह्यले, त्यायची वाट मी नाही तोडत."

"अवो, पण पोटाचं काय?"

"पाहू पुढं."

दुरून कोणत्या तरी गाडीच्या चाकाची कुरकुर ऐकू आली. मडक्यातल्या विस्तवातून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि वर चढत विरली.

नेमसिंग उठला. गंगीनं त्याला काही सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यानं काही ऐकलं नव्हतं. तो काठी टेकत उंचवट्याच्या कडेला गेला आणि डोळ्यांवर हात धरून कोरड्या नाल्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"गंगे, इकडं ये. पाह्य बरं, तुले काय दिसते?"

"नाला, आजा."

"नीट पाह्य."

गंगीनं डोळे बारीक केले. "पैनगंगा."

"पाणी किती हाय?"

गंगी विचारात पडली. तिनं आईकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि मग आपल्या पायाकडे. "घोट्याइतकं."

"तेच म्हणतो मी," नेमसिंग म्हणाला. "उतरलं पाणी. असं वर्सावर्सात एखाद्या बारीच होते. थांबायचं काही काम नाही. हाणा बैल!"

घंटा वाजली. पोरं ओरडत नाल्यात उतरली आणि काहींनी भिजू नयेत म्हणून घागरे, सदरे वर धरले. नीळकंठराव सगळ्यांच्या मागं होते. नाल्याच्या काठाशी ते क्षणभर थबकले. मग त्यांनी खाली वाकून पायजमा पोटरीपर्यंत दुमडला आणि उतरले.

खोलीत तीन दगड मांडले गेले. जमनीनं मडकं उपडं केलं, फुंकर घातली. पहिल्यांदा धूर खोलीतच घोटाळला. गोंधळलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्याकोपऱ्यात फिरला. मग त्याला वरचं नळकांडं सापडलं. बाहेर अंगणात उभे असलेले सगळेजण वर पाहत होते. नळकांड्यातून निळसर धूर निघाला, सरळ वर गेला आणि मोहाच्या फांद्यांत शिरला. तिथं तो नेहमीच जात असे.

"झालं," नीळकंठराव म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.

सही होईतो पहिल्या बाट्या भाजून निघाल्या, तेवढ्यात रस्त्यावर बाराच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. धनसिंग तिला हात दाखवायला धावला. पहिली बाटी पाखऱ्याला गेली. दुसरी जमनीनं पळसाच्या पानावर ठेचा घालून साहेबांच्या हातात दिली, आणि ती खात खात ते गाडीत चढले.

नेमसिंग नव्या खोलीच्या उंबऱ्यावर टेकला. पाय दमले होते. आत जमनी पुढची बाटी थापत होती, आणि त्या थापण्याच्या तालावर त्याचे डोळे मिटू लागले.

"बा," आतून आवाज आला. मध्ये गंगी नव्हती. ती पोरांबरोबर पुन्हा पैनगंगेत गेली होती. "बा, जेवून निजा."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. आजूबाजूला पाहिलं. सांगायला कोणीच नव्हतं, म्हणून त्यालाही थेट बोलावं लागलं.

"वाढ, बेटा," तो म्हणाला. "दुरून आलो. भूक लागली."