कुलूपबंद डब्यातलं पाणी

अकोल्याच्या ठेसनावर त्या वैशाखात माणसांपेक्षा कापसाची बडदास्त मोठी होती. गाठींच्या थप्प्यांना छपराची सावली, शेजारी पहारेकरी. आणि तिकीट काढलेली माणसं उन्हात उकिडवी. विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची भूक सुटली म्हणून रेल आली होती. माणसांसाठी दोनच डबे, तेही बडनेऱ्याहून कापूस आणायला निघालेल्या रिकाम्या वाघिणींच्या शेपटीला बांधलेले.

जानराव माळी बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी तिच्या माहेरी, नांदगाव पेठेला, पोचवायला निघाला होता. जमुनेला आठवा लागलेला. बैलगाडीत तीन दिवस तिची हाडं खिळखिळी करण्यापेक्षा दुपारपर्यंत बडनेरा गाठावं, तिथे सासऱ्याची दमणी, छपराची हलकी बैलगाडी, उभी असेलच, हा बेत त्याचाच. सोबत त्याची आई पार्वताबाई, आणि तिच्या मांडीशी भरलेला पितळी तांब्या.

"या रेलीत कोन कोनाले शिवते, काई पत्ता नाई," पार्वताबाई म्हणाली. "पानी आपल्याच तांब्याचं प्यायचं. आयकलं का वं जमुना?"

"हो, आत्याबाई."

डब्यात बाकं नव्हती. पन्नासेक माणसं खाली दाटीने बसली आणि गार्डाने बाहेरून कुलूप घातलं. हातभर अंतरावर, कोपऱ्यात अंग चोरून महारवाड्यातली भागी बसली होती, रुळाच्या कामावर खडी फोडायला निघालेली. तिच्याजवळ तिचं मडकं.

गाडीने हिसका दिला. तांब्या कलला. भागीने झटकन हात घालून सावरला. थेंबही सांडू दिला नाही.

"शिवली न वं! बाटवलं पानी!" पार्वताबाई कडाडली.

"सांडत होतं माय, म्हून धरलं."

"तुले कोनं सांगतलं धरायले?" आणि तिने भरला तांब्या खिडकीच्या गजांतून बाहेर ओतून दिला.

पुढच्या ठेसनावर भरून घेऊ, असं जानरावाने मनाशी म्हटलं. पण पुढच्या ठेसनाच्या अलीकडेच गाडी थांबली. समोरून कापसाची भरली गाडी येत होती, आणि तिला ओढायला एक इंजन पुरत नव्हतं. म्हणून रिकाम्या वाघिणींसकट माणसांचे दोन डबे बाजूच्या रुळावर लोटले आणि त्यांचं इंजन कापसाला जोडून नेलं. कुलूप तसंच.

ऊन चढलं. वरचा पत्रा तव्यासारखा तापला. ज्याच्या-त्याच्याजवळचं पाणी संपलं. लोकांनी गज बडवले, हाका मारल्या. दूरवरून झेंडीवाला ओरडला, "इंजन आल्याबिगर खोलाचा हुकूम नाई!"

"आपन कापसाची गाठ असतो त सावलीत असतो बाप्पा," एक म्हातारा म्हणाला. लोक हसले. थोड्या वेळाने हसायलाही कोणाच्या घशात ओल उरली नाही.

"पानी द्या न," जमुना म्हणाली. ओठ पांढरे पडले होते.

भागीने मडकं पुढे सरकवलं. "घ्या माय. पोरगी दोन जिवाची हाय. मी वरून ओतते, शिवत नाई."

"ठेव तिकडं! उद्या हिच्या लेकराले पंगतीत कोन घेईन?"

जमुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "आयकता का... तुमी सांगा न आत्याबाईले."

मडकं हाताच्या अंतरावर होतं. जानरावाने मडक्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि समोर बसलेल्या जातीतल्या दोन माणसांकडे पाहिलं. ती दोघं त्याच्याकडेच बघत होती.

"इंजन येतेच आता," तो म्हणाला.

इंजन आलं नाही. जमुना आधी बरळली, मग गप्प झाली. तिची मान कलली तेव्हा जानरावाने झडप घालून मडकं उचललं आणि तिच्या तोंडाला लावलं. पाणी आत गेलं नाही. ओठांच्या कडेने ओघळून तिच्या पोटावर सांडलं.

बडनेऱ्याला सासऱ्याच्या दमणीत लेक चढली नाही. मढं चढवलं गेलं.

तेराव्यानंतर नांदगावच्या माळ्यांचे पंच बसले. खुशालराव त्यांचा म्होरक्या. "जानराव, तू महाराच्या मडक्याले हात लावला. प्राश्चित घे, जातीले जेवन दे, मंग पंगतीत बस."

"हो म्हन रे बाबा," पार्वताबाई पदराआडून म्हणाली.

"मडकं उशिरा उचललं, त्याचं प्राश्चित असन त सांगा, आता घेतो," जानराव म्हणाला. "उचललं याचं नाई घेत." आणि तो सभेतून उठला. त्याच्या मागून कोणी उठलं नाही, आईसुद्धा नाही.

तो तडक अमरावतीला गेला आणि कचेरीसमोर चंद्रभान अर्जनविसापुढे बसला. "लिवा. मानसाची गाडी कापसासाठी अडवू नये. डब्याले बाहीरून कुलूप नोको. ठेसनोठेसनी पानी पायजे, आन देनाऱ्याची जात कोनी इचारू नये."

"शेवटचं गाळू का? आपलेच लोक बोंब मारतीन."

"मारू द्या. आन अजून लिवा. त्या रोजी डब्यात पानी होतं. माह्यासमोर होतं. म्या घेतलं नाई."

चंद्रभानची लेखणी थांबली. "अरे, हे सायबाले काहून सांगतो? सायबानं कुलूप लावलं, तेवढं लिवतो. हे काई त्याच्याकडचं काम नाई."

"मंग कोनाकडचं हाय?"

कचेरीसमोर पाच-पन्नास माणसं होती: माळी, कुणबी, बामण, शेटजी. साऱ्यांनी ऐकलं. एकेक जण खाली बघत बाजूला सरकला.

"लिवा," जानराव म्हणाला. "कोनी आपलं म्हनत नसन त हा गुन्हा माह्याच नावावर लिवा."