भरल्याशिवाय गाडी सुटत नाही

जानेफळच्या ऑटो स्टँडवर कायदा एकच. सहा सीटा भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. सहावं गिऱ्हाईक बसलं, की कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले उत्तमराव शिट्टी मारणार, आणि मगच मेहकरचा रस्ता धरायचा. जो आधी येईल त्यानं सगळ्यात जास्त ताटकळायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. तीस वर्षांत त्या शिट्टीबाहेर कुणी गेलं नव्हतं. सहदेव तर नाहीच नाही, कारण क्लच कसा सोडायचा हे त्याला उत्तमरावांनीच शिकवलं होतं.

आता त्याच्या नव्या गाडीला क्लचच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

झालं असं, की सातासमुद्रापार कुठं तरी लढाई पेटली आणि इकडे पेट्रोल पंपावर रांगा लागल्या. आज भाव वाढणार, उद्या पेट्रोलच मिळणार नाही, रोज नवी आवई. भाडं वाढवावं, तर गिऱ्हाईक सगळं ओळखीपाळखीचं. कुठल्या तोंडानं मागणार? शेवटी सहदेवनं जुना ऑटो विकला आणि बॅटरीचा घेतला. डोकं त्याच्या बायकोचं, जयमालाचं. "पेट्रोल कवा महाग होईन, कोणाले ठाव? लाइन जाते, पण येते तरी," ती म्हणाली. काही वर्षांनी बॅटरी दमली तर काय, हे तिलाही माहीत नव्हतं, आणि तसं तिनं सांगूनही टाकलं. स्टँडवर हसून हसून मुरकुंड्या वळल्या. "काय बे, गाडी घेतली का मोबाइल?" मागच्या नंबरचा ऑटोवाला गणेश म्हणाला. सहदेवही हसला. पेट्रोलला जेवढे पैसे जायचे त्याच्या चौथाईत आता दिवस निघत होता, मग हसायला काय जातं?

घोळ केला तो मेथीनं.

तानुबाई रोज सकाळी सातला मेथीच्या जुड्या घेऊन यायची आणि पहिली सीट धरायची. त्या दिवशी पाऊण तास झाला तरी सहदेवच्या गाडीत ती आणि शाळेचे एक मास्तर, असे दोघंच. ऊन चढत चाललं, जुड्या माना टाकायला लागल्या. तानुबाई कुरकुरली नाही, नुसती पदरानं मेथीला वारा घालत राहिली. सहदेवला ते बघवेना. पेट्रोलच्या गाडीतून दोन सीटा नेणं म्हणजे पदरचे पैसे रस्त्यावर सांडणं. याला मात्र दोन सीटांतही चार पैसे सुटत होते. त्यानं शिट्टीची वाट न पाहता गाडी काढली. गाडीला आवाज नाही, त्यामुळे ती वळणापाशी पोचल्यावर उत्तमरावांना कळलं.

एकदा चटक लागली ती लागलीच. चार दिवस तो दोन-तीन सीटांवर सुटत राहिला. गणेशच्या गाडीत बसलेली माणसं उतरून त्याच्याकडे यायला लागली. गणेशचं पडलेलं तोंड सहदेवनं पाहिलं, त्याला वाईटही वाटलं, पण गाडी काही थांबवली नाही.

पाचव्या दिवशी उत्तमरावांनी त्याला झाडाखाली बोलावलं. "तुले परवडते म्हणून तू अर्धी गाडी नेशीन, मंग बाकीच्यायनं काय माश्या माराव? नंबर बंद तुहा. सोमवारच्या बैठकीत पाहू, ठेवायचा का नाही ते."

नंबर नाही म्हणजे स्टँड नाही, आणि स्टँड नाही तर चूल कशी पेटायची? पण सहदेवला त्याहून जास्त लागलं, ते उत्तमरावांचं तोंड फिरवून बोलणं. पूर्ण चार्ज झालेली गाडी अंगणात नुसती उभी राहिली.

गुरुवारी भर दुपारी दारात उत्तमराव हजर. पंपावर पेट्रोल संपत आल्याची बातमी आली होती, सगळे ऑटो सकाळपासून तिकडे रांगेत. त्यांची स्वतःची गाडी तर कोरडी ठणठणीत. आणि मेहकरला डोळ्यांचा डॉक्टर गुरुवारीच येतो, तोही चार वाजेपर्यंत. अडला हरी म्हणतात तो हा.

"चालते का बे तुहं खेळणं?"

"चालते नं भाऊ. बसा."

गाडी स्टँडवर आली आणि उत्तमरावांचा हात सवयीनं वर गेला. "थांब. भरू दे."

"भाऊ, तुमचा डाक्तर…"

"कायदा म्हणजे कायदा."

सहदेव थांबला. सकाळपासून गाडीच नव्हती, बाकीची गिऱ्हाइकं कंटाळून घरी गेली होती, तानुबाई तेवढी मेथी घेऊन तिथंच बसली होती. ती येऊन उत्तमरावांशेजारी टेकली. झाल्या दोन सीटा. तीस वर्षांत उत्तमराव मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसले होते. टप तापलेला, वारा पडलेला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. ते एकदा घड्याळाकडं बघायचे, एकदा रस्त्याकडं. तानुबाईनं मेथीला वारा घातला, थोडा त्यांनाही घातला.

"बसा निवांत, उत्तमभाऊ. मले तं रोजची सवय हाये."

तीन वाजले. "सोड बे," उत्तमराव म्हणाले.

"भाऊ, चार सीटा रिकाम्या हायेत."

"दिसतात मले. डोये एवढेबी गेले नाहीत. सोड!"

वाटेत सहदेवनं तीन दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. "गणेशचं गिऱ्हाईक म्या नेलं, ते चुकलंच माहं. गर्दीच्या टायमाले मी गाडी चार्जिंगले लावतो, ते नंबर तुमीच घ्या. सकाळची पहिली खेप अन् दुपारच्या, ज्या कोणालेच परवडत नाहीत, त्या मले द्या."

उत्तमराव मागून पुढं झुकले. "लोणी आमाले अन् ताक तुले? गोम काय हाये यात?"

"गोम नाही, भाऊ. माह्या गाडीचं ताकावर भागते."

सोमवारी बैठकीत कोण काय बोललं ते सहदेवला कळलं नाही, नंबर ये म्हणून निरोप तेवढा आला. मंगळवारी सकाळी सातला तो गाडी घेऊन स्टँडवर आला. तानुबाई बसली, मास्तर बसले. पुढं कुणी येईना. सहदेव हँडलवर हात ठेवून थांबला, पाऊण तास थांबायची त्याची तयारी होती.

उत्तमराव खुर्चीवरून उठले. नव्या चष्म्यातून त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं आणि शिट्टी मारली.

तानुबाईचा विश्वास बसेना. "का हो, माह्या जुड्याबी सीटा म्हणून मोजल्या का काय?"

"हाव," उत्तमराव म्हणाले. "भरली गाडी. निघ बे, सहदेवा."