हातचा आरसा

त्यानं काच थाळ्यात ठेवली आणि खडूच्या ओल्या पुडीनं घासायला घेतली. आरशांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेलेली. कारखाना बंद पडला तरी हात काही विसरले नव्हते. काचेवर बोटाचा ठसा जरी राहिला, तरी तिथं चांदी धरत नाही.

"खिडकी उघडी ठेवा. वासानं डोकं धरतं," बायको आतून म्हणाली.

कढईतल्या तेलाचा भडका उडाला, त्याला वर्ष होत आलं होतं. ती दवाखान्यातून घरी यायच्या आत त्यानं सगळे आरसे भावाकडे नेऊन टाकले होते. तिनंही कधी विषय काढला नाही. काल जेवता जेवता एकदम म्हणाली, "मला एक आरसा करून द्या. तुमच्या हातचा." त्याचा घास हातातच राहिला.

काच लख्ख झाली. वरच्या कडेला टांगायला दोन भोकं होती. मागून बघताना बाजू उलटते, हे मनाशी ताडून त्यानं डाव्या अर्ध्या भागावर आपला तळहात जागोजागी हलकेच दाबला. मग चांदीच्या क्षाराचं पाणी आणि साखरेचं पाणी एकत्र करून वर ओतलं. पाणी पिवळसर झालं, तपकिरी झालं, पार काळवंडलं. थाळा हलवत तो बसून राहिला.

संध्याकाळी त्यानं आरसा भिंतीला लावला. ती समोर उभी राहिली. डाव्या अंगाला कपाळ, डोळा, गाल स्वच्छ दिसत होते. उजव्या अंगाला नुसते डाग, आणि त्यातून भिंतीचा पोपडा.

"बिघडलं बघ," तो म्हणाला. "सवय राहिली नाही आता."

आरसा काढून तिनं खिडकीपाशी नेला, मागची बाजू उजेडात धरली. डागांत तळहाताच्या रेषा उमटल्या होत्या.

"सवय चांगली शाबूत आहे तुमची," ती म्हणाली. "उद्या परत करा. काच मी घासते."

दुसऱ्या दिवशी तिनं काच इतकी घासली, की शेवटी त्यालाच म्हणावं लागलं, "पुरे गं." पाणी दोघांनी मिळून ओतलं. या वेळी चांदी कडेपर्यंत सारखी धरली.

ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा तो थाळा विसळायला मोरीत गेला. थाळा कधीच स्वच्छ झाला होता, तरी तो नळाखाली धरूनच उभा होता.

"अहो, इकडे या."

तो आला. ती वळली नव्हती. दोन बोटांनी उजवा गाल चाचपत होती, मानेपर्यंत.

"मला वाटलं होतं त्याहून वाईट आहे."

त्याला खोटं बोलता आलं नाही.

"रोज हे बघत होतात?"

"हो."

"वर्षभर?" तिचा आवाज खाली आला. "एकट्यानंच?"